साजाची कैफियत

मये, डिचोली, पेडणे या आमच्या टापूत जुन्या गायिकांच्या आणि नटींच्या स्मरणाला अलीकडे जो बहर आला आहे, त्याचे मी मनःपूर्वक स्वागत करतो. परंतु या स्मरणोत्सवांच्या पोटात एक मत हळूहळू मूळ धरीत आहे, आणि ते सभ्य भाषेत, सद्भावाने, बहुधा विद्वानांच्याच मुखातून मांडले जात असल्यामुळे त्याचा प्रतिवाद करण्यास कोणी पुढे होत नाही, म्हणून हे काम मी अंगावर घेत आहे. ते मत असे की, केसरबाई केरकर, अंजनीबाई मालपेकर, मोगूबाई कुर्डीकर यांचा स्वर हा आपला वारसा आहे, त्याचे जतन करावे, त्याच्या नावाने समारोह भरवावेत. परंतु त्यांचा शालू, त्यांच्या मोत्यांच्या कुड्या, अंबाड्यावर माळलेली अबोलीची फाती, मैफलीत येऊन बसण्याची त्यांची ती राजस रीत, हा सारा साज एका लज्जास्पद व्यवस्थेचा अवशेष असून तो आश्रयदात्याच्या डोळ्यांसाठी होता, तेव्हा त्याविषयी मौन बाळगणेच त्या स्त्रियांच्या प्रतिष्ठेला शोभेल. या मताच्या पुष्ट्यर्थ अमेरिकेचाही दाखला आणला जातो. हॉलिवूडच्या जुन्या संगीतपटांतील लीना हॉर्न, डोरोथी डँड्रिज आदी कृष्णवर्णीय नटींचे सौंदर्य गोऱ्या मालकांनी गोऱ्या प्रेक्षकांसाठी घडविलेले होते, त्यामुळे त्या झगमगाटाचे कौतुक म्हणजे त्यांच्या शृंखलांचे कौतुक होय, असे हे विद्वान सांगतात. माझ्या मते ही दोन्ही विधाने चुकीची आहेत, आणि दोहोंच्या मुळाशी असलेली चूक एकच आहे.

वादात उतरण्यापूर्वी जे कबूल केले पाहिजे ते मी निःसंदिग्धपणे कबूल करतो. देवळाच्या चाकरीशी वंशपरंपरेने जखडून टाकलेली, जिचा विवाहाचा अधिकार समाजाने हिरावून घेतला आणि जिच्या कलेचा उपभोग मात्र त्याच समाजाने निःसंकोचपणे घेतला, अशी स्त्री ही अन्यायाची बळी होती. तिच्या अंगावरचे सोने दाखवून तो अन्याय सुसह्य ठरविणारा मनुष्य माझ्या बाजूचा नव्हे. मुंबई इलाख्यात 1934 साली देवदासींच्या संरक्षणाचा कायदा झाला तो योग्यच झाला, आणि पोर्तुगीज मुलखात गोमंतक मराठा समाजातील सुधारकांनी आपल्या मुलींना शाळेकडे व विवाहाकडे वळविण्यासाठी जे कष्ट उपसले, त्यांच्यापुढे मी नतमस्तक आहे. परंतु याच सुधारकांचे नाव पुढे करून जेव्हा मौनाचा उपदेश केला जातो, तेव्हा मला राजाराम पैंगीणकरांची आठवण होते. जन्मभर या रूढीशी झुंजलेल्या या पुरुषाने 1969 साली 'मी कोण?' या आत्मचरित्रात आपल्या जन्माची, आपल्या घराची आणि आपल्या समाजाची सारी हकीकत स्वतःच्या नावाने, काहीही न लपविता जगापुढे ठेवली. ज्याने रूढी मोडली त्याने स्मृती मोडली नाही. हंसा वाडकरांनीही 1970 साली प्रसिद्ध झालेल्या 'सांगत्ये ऐका' मध्ये आपल्या आयुष्यातील दुःखे, अपमान आणि चुका अशा धैर्याने सांगितल्या आहेत की, तिकडे सावंतवाडीपासून इकडे मांडवीपर्यंतच्या कलावंत घराण्यांचा इतिहास लिहिणाऱ्याला ते पुस्तक वगळून पुढे जाताच येणार नाही. तेव्हा मौन ही सुधारणेची परंपरा आहे, हे म्हणणे दप्तरात टिकणारे नाही.

आता मूळ मुद्दा. साज आश्रयदात्यासाठी होता, असे म्हणणाऱ्यांनी तो घडविला कोणी हा प्रश्न कधी विचारलेलाच दिसत नाही. धनिकाने शालू दिला असेल, मोतीही दिले असतील. पण समयांच्या आणि हंड्यांच्या मंद पिवळ्या उजेडात कोणता रंग उजळतो आणि कोणता मरतो, तासन्‌तास एका बैठकीत गाताना पदर कोठे खोचला म्हणजे हात मोकळा राहतो, तंबोऱ्याशेजारी पाठ ताठ ठेवून बसल्यावर निऱ्या कशा पडाव्यात, तानेच्या वेळी कानातले किती हलावे आणि किती हलू नये, हे ज्ञान कोणा जहागीरदाराच्या जामदारखान्यातून येत नसते. ते आईकडून मुलीकडे, मावशीकडून भाचीकडे, रियाजासारखेच, चुकत-सुधारत, वर्षानुवर्षांच्या निरीक्षणाने येत असते. स्वर हा साधनेचा आणि साज हा देणगीचा, ही वाटणीच मला मान्य नाही. ज्या बुद्धीने बंदिशीची बढत केली त्याच बुद्धीने नेसणे बेतले. बैठकीत पहिला षड्ज लागण्यापूर्वीच श्रोत्यांना गप्प करण्याचे जे सामर्थ्य केसरबाईंच्या नुसत्या येऊन बसण्यात होते असे जुने श्रोते सांगत, ते सामर्थ्य गळ्याचे होते की वस्त्राचे की बसण्याच्या ढबीचे, हे कोणी वेगळे करून दाखवावे.

आणि केसरबाईंचेच उदाहरण या मताला सर्वांत अधिक प्रतिकूल आहे. 1892 साली फोंडा महालातील केरी गावात जन्मलेल्या या बाईने उत्तर आयुष्यात कोणाच्या मर्जीची पर्वा केली नाही. रेडिओला तिने नकार दिला, ध्वनिमुद्रणाला आपल्या अटी घातल्या, कोठे गावे आणि कोणासमोर गाऊ नये याचा हुकूम तिचा तीच देत असे. 1948 साली कलकत्त्याने तिला 'सूरश्री' म्हटले आणि 1969 साली भारत सरकारने पद्मभूषण दिले, तेव्हा आश्रयदात्यांचा तो काळ कधीच सरला होता. साज जर आश्रयदात्यासाठीच असता, तर आश्रयदाता गेल्यावर तो उतरायला हवा होता. तो उतरला नाही. मोती राहिले, रेशीम राहिले, मानेचा तो ताठा राहिला. कारण ही मिळकत तिची स्वतःची होती आणि तिची सनद तिने कोणाकडे मागितलेली नव्हती.

आमच्या मयेच्या महामायेला सणासुदीला जेव्हा रेशमी वस्त्र नेसवून अलंकार घालतात, तेव्हा त्या दर्शनाने डोळे निवतात आणि त्या शृंगारात कोणालाही बाजार दिसत नाही. देवीच्या अंगावरचे वस्त्र ज्या हातांनी, ज्या दृष्टीने, ज्या रंगसंगतीने नेसविले जाते, तीच दृष्टी त्याच देवळाच्या मंडपात गाणाऱ्या स्त्रीच्या अंगावर उतरली तर ती अकस्मात अशुद्ध कशी होते, याचे उत्तर मला कोणी दिलेले नाही. ही गोष्ट आणखी एक पाऊल पुढे जाते. राजा रविवर्म्याच्या लक्ष्मी-सरस्वतीच्या छापील तसबिरींनी गेल्या शतकाच्या उंबरठ्यावर घरोघरचे देवघर व्यापले, आणि त्या चित्रांसाठी ज्या स्त्रिया समोर बसल्या त्यांत राजीबाई मुळगावकर आणि अंजनीबाई मालपेकर या गोमंतकीय कलावंतिणींची नावे सांगितली जातात. मुळगाव हे मयेचे शेजार, आणि मालपे पेडण्यातले. या आख्यायिकांत जेवढे तथ्य असेल तेवढ्या प्रमाणात असे म्हणावे लागेल की, ज्या चेहऱ्यापुढे, ज्या नेसण्यापुढे, ज्या हाताच्या वळणापुढे महाराष्ट्रातील सुगृहिणी रोज निरांजन ओवाळीत होती, तो चेहरा आणि ते नेसणे तिच्या ओसरीवरही ज्यांना चढू दिले नसते अशा स्त्रियांचे होते. हे सांगायचे नाही, झाकून ठेवायचे, आणि याला प्रतिष्ठेचे रक्षण म्हणायचे! कोणाच्या प्रतिष्ठेचे?

बालगंधर्वांविषयी मला अपार आदर आहे, म्हणूनच त्यांचे उदाहरण मी पुढील मुद्द्यासाठी निवडतो. 'मानापमान' 1911 सालचे, 'स्वयंवर' 1916 सालचे. त्या काळात बालगंधर्वांचे नेसणे, त्यांचा खोपा, त्यांचे गजरे पाहून कुलीन स्त्रियांनी आपली वेशभूषा बदलली, ही गोष्ट मराठी रंगभूमीच्या प्रत्येक इतिहासात अभिमानाने नोंदलेली असते. पुरुषाने धारण केलेला स्त्रीचा साज अनुकरणीय ठरला, कलेचा उत्कर्ष ठरला. पेडण्याच्या वाड्यावाड्यांत दहीकाल्याच्या रात्री दशावतारातील स्त्रीपार्टी रंगमंचावर आला की आजही प्रेक्षक त्याच्या चालण्याचे, त्याच्या निऱ्यांचे कौतुक करतो, आणि ते योग्यच आहे. मग ज्या स्त्रियांचा हा साज जन्मजात व्यवसायाचा होता, ज्या एकाच गुरूपुढे या पुरुषांच्या बरोबरीने बसल्या होत्या (भास्करबुवा बखल्यांनी बालगंधर्वांना शिकविले तसे ताराबाई शिरोडकरांनाही शिकविले), त्यांच्या बाबतीत तोच साज कलंक का ठरावा? पुरुषाने घेतला तर कला, स्त्रीने घेतला तर बाजार, ही ती कसोटी आहे. आणि मौनाचा उपदेश करणारे विद्वान, त्यांना हे जाणवो वा न जाणवो, तीच कसोटी आपल्या हाती घेऊन बसले आहेत.

आता अमेरिकेकडे वळतो, कारण तिकडचा दाखला त्यांनीच काढला आहे. लीना हॉर्न 1942 साली मेट्रो-गोल्डविन-मेयर कंपनीत करारबद्ध झाली तेव्हा तिचे वडील स्वतः मालकांपुढे जाऊन बसले आणि आपल्या मुलीसाठी मोलकरीण ठेवण्याची आपली ऐपत आहे, तिने पडद्यावर मोलकरीण होण्याचे कारण नाही, अशा आशयाचे त्यांनी बजावले. हे बजावणे किती आवश्यक होते हे कळण्यासाठी दोनच वर्षे मागे जावे : हॅटी मॅकडॅनिएलला 1940 साली ऑस्कर पारितोषिक मिळाले ते मोलकरणीच्या भूमिकेबद्दल, आणि त्या समारंभात तिला इतर नटनट्यांपासून दूर, भिंतीकडेच्या वेगळ्या मेजावर बसविण्यात आले होते. कृष्णवर्णीय स्त्रीला पडद्यावर एप्रन बांधून उभी राहण्याची मुभा होती. रेशमी झगा घालून, मान उंच करून, कोणाचीही चाकरी न करता नुसते गाण्याची मुभा नव्हती. हॉर्नने ती घेतली. 1943 साली 'केबिन इन द स्काय' आणि 'स्टॉर्मी वेदर' हे संगीतपट आले आणि तिचे नाव सर्वतोमुखी झाले. पण गोऱ्या नटांबरोबरच्या चित्रपटांत तिची गाणी कथानकापासून मुद्दाम अलग ठेवीत, यासाठी की दक्षिणेकडील संस्थानांत ती कापून चित्रपट दाखविता यावा.

माझ्या प्रतिपक्षाने या कात्रीचा विचार करावा. तो झगमगाट जर गोऱ्या प्रेक्षकाच्या सुखासाठी घडविलेला होता, तर त्या प्रेक्षकाच्या थिएटरवाल्याने तोच कापून का टाकला? मोलकरणीचे प्रसंग कोणी कापीत नव्हते. कापला जात होता तो साज. कारण त्या साजात मालकाच्या बरोबरीने उभे राहण्याचा दावा होता, आणि तो दावा कापणाऱ्याला आमच्या विद्वानांपेक्षा अधिक स्पष्ट कळला होता. उलट, महायुद्धात लढणाऱ्या कृष्णवर्णीय सैनिकांनी आपल्या बराकींच्या भिंतींवर तिच्याच तसबिरी लावल्या. आर्कान्सॉ प्रांतातील छावणीत कार्यक्रमासाठी गेली असता पुढच्या रांगांत जर्मन युद्धकैदी आणि त्यांच्या मागे आपल्याच देशाचे काळे सैनिक बसविलेले तिने पाहिले, तेव्हा ती व्यासपीठावरून उतरली, कैद्यांकडे पाठ करून त्या सैनिकांपुढे जाऊन उभी राहिली आणि गायली. तो झगा कोणासाठी होता, हे तिने त्या दिवशी पावलांनी सांगितले.

पुढे जे घडले ते याहून बोधक आहे. तिच्या वर्णासाठी मॅक्स फॅक्टरच्या रंगतज्ज्ञांनी चेहऱ्याचा एक खास लेप तयार केला आणि तोच लेप गोऱ्या नट्यांना लावून त्यांच्याकडून मिश्रवर्णीय स्त्रियांच्या भूमिका करून घेण्यात आल्या. 1946 सालच्या 'टिल द क्लाउड्स रोल बाय' मध्ये 'शो बोट' या संगीतिकेतील ज्यूलीचे गाणे हॉर्ननेच गायिले होते. पण 1951 साली 'शो बोट' चा चित्रपट निघाला तेव्हा ज्यूली झाली अ‍ॅव्हा गार्डनर. रंग घेतला, छटा घेतली, आणि ती ज्या स्त्रीची होती तिला दाराबाहेर ठेवले. आमच्याकडे स्वर घेऊन साज दाराबाहेर ठेवण्याची तजवीज चालली आहे. माल निराळा, व्यवहार तोच : अखंड स्त्री कोणालाच नको आहे.

डोरोथी डँड्रिजविषयी एकच प्रसंग सांगतो. 'कार्मेन जोन्स' साठी ऑटो प्रेमिंजरने तिला प्रथम नाकारले, कारण ती त्याला फार सोज्ज्वळ व घरंदाज वाटली. तिने केशरचना बदलली, सैल चोळी आणि घट्ट परकर चढविला, चालण्याची लय बदलली आणि पुन्हा त्याच्या कचेरीत प्रवेश केला; दिग्दर्शकाला आपली कार्मेन समोर दिसली. 1954 साली तो चित्रपट आला आणि प्रमुख अभिनेत्रीच्या ऑस्करसाठी नामांकन मिळविणारी ती पहिली कृष्णवर्णीय स्त्री ठरली. आता सांगा, ते रूप स्टुडिओने घडविले होते की तिने? आणि हेही लक्षात घ्यावे की त्या चित्रपटात तिच्या ओठांवरचे गाणे दुसऱ्या गायिकेच्या गळ्यातले आहे. तिचा जो अभिनय जगाने मानला तो तिच्या चालण्यात, वळण्यात, नेसण्यात, दृष्टीत होता; स्वर तेवढा जपावा आणि बाकीचे विसरावे हा नियम तिला लावला, तर तिची सारी कमाईच पुसून जाते.

आमचा गोमंतक या साऱ्यापासून फार दूर होता असेही समजू नये. आफ्रिकी-अमेरिकन पियानोवादक टेडी वेदरफोर्डबरोबर मुंबईच्या ताजमहाल हॉटेलात गोमंतकीय वादक वाजवीत होते. हळदोण्याचा अँतोनियो शाव्हियेर वाझ, ज्याला लोक चिक चॉकलेट म्हणत, तो त्याच संगीताच्या तालमीतून वर आला आणि 1951 साली सी. रामचंद्रांच्या 'अलबेला' त आपल्या वाद्यवृंदासह पडद्यावरही उभा राहिला. ही वाट वादकांची. तिच्या शेजारून नटींची वाट जात होती, आणि तिच्यावर मला सर्वांत आधी मीनाक्षी शिरोडकर दिसतात, माहेरच्या रतन पेडणेकर. 1938 साली हंस पिक्चर्सच्या 'ब्रह्मचारी' त, आचार्य अत्र्यांच्या कथेत आणि मास्टर विनायकांच्या दिग्दर्शनाखाली, त्या पोहण्याच्या पोषाखात पडद्यावर आल्या आणि महाराष्ट्र हादरला. मौनवादी विद्वान या प्रसंगाकडे बोट दाखवून विचारतात की, हा तरी पुरुषाच्या नेत्रसुखाखेरीज कशासाठी होता? माझे उत्तर असे की त्यांनी तो चित्रपट पुन्हा पाहावा. कथानायक आजन्म ब्रह्मचर्याची शपथ घेऊन स्त्रीमात्राला पातक समजणारा आहे, आणि त्याच्या या पोकळ व्रताचा निकाल जिने लावायचा ती नायिका जर संकोचून, अंग चोरून, अपराध्यासारखी आली असती, तर अत्र्यांचा सारा युक्तिवादच कोसळला असता. तेथे आवश्यक होती ती निःशंक, प्रसन्न, स्वतःच्या देहाची लाज न वाटणारी स्त्री. आणि मीनाक्षीबाई, एक विवाहिता, तशा आल्या. तो पोषाख हेच त्या कथेतील सर्वांत बिनतोड विधान होते.

ज्योत्स्ना भोळ्यांचे उदाहरण याच्या उलट टोकाचे, आणि म्हणूनच मला ते अधिक प्रिय आहे. बांदिवड्याच्या केळेकरांच्या घरात जन्मलेली ही मुलगी 1933 साली नाट्यमन्वंतरच्या 'आंधळ्यांची शाळा' त उभी राहिली तेव्हा मराठी रंगभूमीवर स्त्रीची भूमिका स्त्रीने, आधुनिक, मितभाषी, घरगुती वेषात करण्याचे एक नवे पर्व सुरू झाले. आणि 1942 साली रांगणेकरांच्या 'कुलवधू' त तिने जी भानुमती उभी केली, तिचे साधे गोल नेसणे, तिची मर्यादशील ऐट, तिचे बोलणे हे पुढील पिढीच्या सुशिक्षित मध्यमवर्गीय स्त्रीचे आदर्श रूप होऊन बसले. ज्या समाजाच्या मुलींना कुलवधू होण्याचा अधिकार नाकारला गेला होता, त्याच समाजाच्या मुलीने महाराष्ट्राला कुलवधू कशी दिसते हे दाखवून दिले. भडकपणा आणि बाजारूपणा हाच ज्यांना कलावंत घराण्यांच्या साजाचा अर्थ वाटतो, त्यांनी ज्योत्स्नाबाईंच्या त्या पांढऱ्या-फिक्या साड्यांचा हिशेब द्यावा. संयम हाही त्याच विद्येचा भाग होता. किती ल्यावे हे ज्याला कळते त्यालाच किती न ल्यावे हे कळते.

हिराबाई पेडणेकरांचा उल्लेख केल्यावाचून मला पुढे जाववत नाही. सावंतवाडीत जन्मलेल्या आणि गिरगावात राहिलेल्या या स्त्रीचे 'संगीत दामिनी' 1912 साली ललितकलादर्शने रंगभूमीवर आणले, आणि मराठीतील आद्य स्त्री-नाटककार म्हणून तिचे नाव आज घेतले जाते. पण ते नाव घेण्यास आपल्याला किती दशके लागली! तिच्या बैठकीत त्या काळचे नामांकित लेखक-कवी येऊन बसत; तिच्या गाण्याचे आणि तिच्या रूपाचे वर्णन करीत; तिच्या लेखणीविषयी मात्र बोलणे फार थोड्यांना सुचले. तेव्हा रूप बोलले जाई आणि बुद्धी झाकली जाई. आता बुद्धी बोलावी आणि रूप झाकावे, असा उलटा पंथ निघाला आहे. दोहोंतही अर्धी स्त्री पडद्याआड जाते, आणि ती कोणती अर्धी हे तिला विचारले जात नाही.

राहिला तो शेवटचा आक्षेप, आणि तो हलक्या हाताने बाजूला सारण्यासारखा नाही. या घराण्यांतील आजच्या मुली शिक्षिका, डॉक्टर, वकील झाल्या आहेत. पेडण्यात जन्मलेले याच समाजाचे दयानंद बांदोडकर 1963 साली मुक्त गोव्याचे पहिले मुख्यमंत्री झाले. अशा वेळी जुना साज पुन्हा प्रदर्शनात मांडून त्यांना आजीच्या पूर्वायुष्याची आठवण का करून द्यावी, असे काही वयोवृद्ध मला कळवळून विचारतात. त्यांच्या कळवळ्याचा मी आदर करतो, आणि कोणत्याही घराने आपली स्मृती किती उघडी करावी हे ठरविण्याचा अधिकार त्या घराचाच आहे हेही मानतो. परक्याने त्यांच्या पेट्या उघडू नयेत. परंतु ज्या गोष्टीची लाज वाटावी ती गोष्ट शालू नव्हे. लाज वाटावी ती, शालू पाहून टाळ्या वाजविणाऱ्या आणि पंगतीत शेजारी बसू न देणाऱ्या समाजाला. आणि साज झाकला की त्या समाजाचा अपराधही सोयीस्करपणे झाकला जातो. आजीने अन्यायाच्या घरात राहून जी विद्या निर्माण केली ती अन्यायकर्त्याच्या खात्यावर जमा करणे, हा तिच्यावर दुसऱ्यांदा केलेला अन्याय आहे.

म्हणून समारोह भरविणाऱ्यांकडे माझी मागणी साधी आहे. केरीत केसरबाईंच्या जागी त्यांच्या नावाची शाळा उभी आहे, पणजीत त्यांच्या नावाने संगीत समारोह भरतो. तेथे गाणे ऐकविताना त्यांच्या बसण्याची, नेसण्याची, अलंकार निवडण्याची माहितीही तितक्याच गांभीर्याने सांगितली जावी. पेडणे आणि डिचोली महालातील ज्या घरांची इच्छा असेल त्यांच्याकडच्या जुन्या छायाचित्रांची, वस्त्रांची आणि दागिन्यांची फेरिस्त जाणत्या म्हाताऱ्या माणसांच्या हयातीतच लिहून घ्यावी : वस्त्र कोणते, कोठल्या मागावरचे, कोणत्या प्रसंगी नेसत, कोणाकडून नेसायला शिकल्या. छायाचित्राखाली 'एक गायिका' असे लिहू नये, संपूर्ण नाव आणि गाव लिहावे. काम मालप्यापासून सुरू करावे, कारण अंजनीबाई तेथल्या आणि 1958 साली संगीत नाटक अकादमीने ज्या पहिल्या स्त्रीला आपली अधिछात्रवृत्ती दिली ती त्याच. मग मुळगाव, मग मये. माझ्याकडून जे लेखनिकाचे काम होईल ते मी करीन.